वीस टक्के शिल्लक

फुगलेल्या लॅपटॉपवर मी दोन दिवस वरवंटा ठेवला होता.

यात माझी बाजू एवढीच, की तो फुगलाय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, झाकण नीट बसत नाहीये. एका कोपऱ्यात बोटभर फट राहायची, आणि बोट फिरवायची ती चौकोनी जागा एका अंगाने वर उचललेली, तव्यावरची पोळी एका बाजूने फुगायला लागते तशी. प्लास्टिकला बाक आलाय, असं मी निदान केलं. बाक आलेल्या वस्तूवर वजन ठेवलं की ती सरळ होते, हे कारखान्यात तीस वर्षं बघितलेलं. म्हणून खाली पाट, पाटावर लॅपटॉप, त्यावर टॉवेलची चौपदरी घडी आणि घडीवर वरवंटा. टॉवेल अशासाठी, की ओरखडे पडू नयेत. काळजी घेण्यात मी कधी कमी पडलेलो नाही. जे काही बिघडलंय ते काळजीनेच बिघडलंय.

लॅपटॉप माझा नव्हता, बायकोचा होता. हे आधीच सांगायला हवं होतं.

बायको शाळेतून निवृत्त झाली आणि दोन महिन्यांत तिने पीएचडीला नाव घातलं. विषय घेतला धवल्यांचा. आमच्या डोंबिवलीच्या आजूबाजूला जी जुनी आगरी गावं आहेत, तिथे लग्नात धवलारीण बसते. मांडवापासून पाठवणीपर्यंतचं सगळं लग्न ती गाऊन लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ते कुठे लिहिलेले नाहीत. एकीने दुसरीच्या बाजूला बसून शिकायचे. आता बाजूला बसायला कोणी येत नाही, कारण हळदीला डीजे असतो. बायकोचं माहेर कोपरीचं. लहानपणी शेजारच्या घरातल्या हळदीला तिने रात्रभर जागून ते ऐकलेले, आणि बत्तीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवून झाल्यावर तिला तेच परत आठवायला लागले. मी कोकणातला. आमच्याकडे लग्नात फक्त भांडणं तोंडपाठ असतात. त्यामुळे विषयात मला गती नव्हती. पण मशीन माझ्याकडे होतं.

माझ्याकडे होतं म्हणजे मी तसं ठरवलं होतं.

मी डोंबिवलीच्या औद्योगिक भागात एका कारखान्याचं स्टोअर्स सांभाळायचो. तिथे माल उचलायला तीन फोर्कलिफ्ट होत्या, बॅटरीवर चालणाऱ्या. एकेक बॅटरी लोखंडी कपाटाएवढी. त्यांची एक खोली होती, आणि त्या खोलीच्या भिंतीवर लाल रंगात तीन नियम लिहिले होते. पाळी पूर्ण झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. एकदा लावल्यावर मध्येच काढू नये. आठवड्यातून एकदा जादा चार्ज द्यावा. खाली, पाणी तपासावे. त्या खोलीची वही माझ्या सहीने चालायची. माझ्या कारकिर्दीत एकही बॅटरी मेली नाही, हे मी निवृत्तीच्या समारंभातही सांगितलं होतं. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला होता, हेही खरं.

तर लॅपटॉप घरात आला आणि मी फ्रिजशेजारचं स्टूल रिकामं करून तिथे चार्जिंगची जागा केली. तेच तीन नियम. जुन्या हजेरीपटावर रकाने आखून वही केली. किती वाजता लावला, किती वाजता काढला, सही. पाण्याचा रकानाही आखला होता. सवयीने. त्यात मी रोज आडवी रेघ मारायचो.

बायको संध्याकाळी लिहायला बसायची. लिहिता लिहिता कोपऱ्यात बॅटरीचं चित्र लाल व्हायचं. ती वायरकडे हात न्यायची आणि मी पेपरातून डोकं वर काढायचो.

"अजून पाळी संपलेली नाही," मी म्हणायचो.

मग ती भराभरा लिहायची. शेवटच्या पाच मिनिटांत तिचा लिहिण्याचा वेग पाहण्यासारखा असायचा. लॅपटॉप काळा पडला की मी तो समारंभपूर्वक स्टुलावर नेऊन लावायचो, आणि मग सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. दर गुरुवारी जादा चार्ज. म्हणजे पूर्ण भरलेला लॅपटॉप सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत तसाच लावून ठेवायचा. स्टुलावर त्या दिवशी इस्त्रीचे कपडे असायचे, म्हणून गुरुवारी त्याला गादीवर ठेवायचो. हात लावला तर चांगला ऊबदार लागायचा. मला ते प्रकृती सुधारत असल्याचं लक्षण वाटलं.

वर्षभरात चार तास चालणारी बॅटरी दोन तासांवर आली, मग पाऊण तासावर. शेवटी शेवटी गॅसवर चहा ठेवून तिने लॅपटॉप उघडला, तर चहाला उकळी यायच्या आत तो बंद पडायचा. नियम नीट पाळले जात नाहीत, असा मी निष्कर्ष काढला आणि रविवारीही जादा चार्ज सुरू केला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी झाकण बसेनासं झालं, आणि मग तो वरवंटा.

कोपरला स्टेशनच्या बाजूला एक लॅपटॉप दुरुस्त करणारा आहे, पस्तिशीचा असेल. त्याने तो हातात घेतला, आडवा धरून फटीतून बघितलं आणि हळूच काचेच्या टेबलावर ठेवला. मग मला विचारलं, "काका, याच्यावर काही जड ठेवलेलं काय?"

"वरवंटा," मी म्हणालो. "पण खाली टॉवेल होता."

त्याने दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलून दुकानाबाहेर पायरीवर नेऊन ठेवला. शेजारच्या भजीवाल्याला कढई जरा पलीकडे घ्यायला सांगितली. भजीवाल्याने कारण विचारलं, तर याने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्याने उकिडवं बसून खालचं झाकण उघडलं. आत एक चंदेरी पिशवी होती, गच्च भरलेल्या उशीसारखी. भजीवालाही बघायला आला, आणि आल्या पावली परत गेला.

आत गॅस धरतो, पिशवी फाटली तर पेट घेते, असं त्याने मला समजावलं. दाबायची तर अजिबात नाही. वरवंट्याने तर नाहीच. मी त्याला फोर्कलिफ्टची पार्श्वभूमी सांगितली, भिंतीवरच्या नियमांसह. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काका, म्हैस पण पाण्यात बसते, मासा पण पाण्यात असतो. म्हणून माशाला दोरीने बांधून ठेवाल काय?"

ती बॅटरी शिशाची, ही लिथियमची, एवढं सांगून त्याने नवी बसवली. मग निघताना मीच त्याला म्हटलं, नियम सांग. तो म्हणाला, नियम कसले, साधी गोष्ट आहे. शून्यावर न्यायची नाही. शंभरावर दिवसरात्र टांगून ठेवायची नाही. तापू द्यायची नाही. साधारण वीस आणि ऐंशीच्या मध्ये खेळवत ठेवली की बरीच वर्षं जाते. मी पावतीच्या पाठीमागे वीस आणि ऐंशी लिहून घेतलं आणि दोन्ही आकड्यांखाली दोन-दोन रेघा मारल्या. मी रेघा मारत असताना तो आणखी एक वाक्य बोलला. लांब कुठे जायचं असेल, काम महत्त्वाचं असेल, तर त्या दिवशी खुशाल शंभर करा, एका दिवसाने काही होत नाही. हे मला आठवतं, म्हणजे मी ते ऐकलं होतं. पण त्यात रेघ मारण्यासारखा आकडा नव्हता. शंभर हा आकडा त्याने आधीच वाईट ठरवलेला.

घरी आल्यावर मी जुनी वही फाडली. माणसाने चूक कबूल करावी आणि नव्याने सुरुवात करावी, या मताचा मी आहे. फ्रिजवर नवा कागद लावला. मग लॅपटॉपच्या आतल्या सगळ्या पानांमधून अर्धा दिवस फिरून तीन गोष्टी केल्या. ऐंशीच्या वर तो चार्जच होणार नाही. एक मिनिट कोणी हात लावला नाही तर पडदा काळा होईल, म्हणजे बॅटरी वाचते. आणि वीस टक्के राहिले की तो आपलाआपण बंद होईल. ही शेवटची मला स्वतःला फार आवडली. माणूस विसरतो, लॅपटॉप विसरणार नाही. शिवाय चार्जिंगला लावून काम करायचं नाही, कारण तापतो.

बायकोने कागद वाचला. "म्हणजे आधी तिला उपाशी मारत होतात," ती म्हणाली, "आता तिला पथ्य."

"तब्येतीला चांगलं असतं."

"एवढी पथ्यं माझ्या बाळंतपणात पाळली असतीत तर तुमच्या आईला यावं लागलं नसतं."

हा मुद्दा बत्तीस वर्षं जुना आहे आणि त्याचा बॅटरीशी संबंध नाही, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

आता धवलारणीकडे येतो. शीळफाट्याच्या पुढे एक गाव आहे. गाव आहे म्हणजे चारी बाजूंनी पंचवीस मजली इमारती आणि मध्ये कौलाच्या जागी स्लॅब पडलेली पन्नासेक घरं. त्यातल्या एका दुमजली घरात ही आजी राहायची. घराला संगमरवरी फरशी, दिवाणखान्यात सोफा, आणि आजी बाहेर पडवीत जमिनीवर. वय विचारलं तर ती गावात रस्ता नव्हता तेव्हाची एक गोष्ट सांगायची, त्यावरून काढून घ्यायचं. पूर्वी धवल्याला दोघी बसायच्या. एकीने ओळ उचलायची, दुसरीने झेलायची. तिची जोडीदारीण चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर तिला कोणी लग्नात एखाद्या विधीपुरतं बोलावलं की ती एकटीच उचलायची आणि एकटीच झेलायची. पुढे बोलावणंही कमी झालं. पंचक्रोशीत सगळं लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी ती एकटीच उरली होती, आणि बायकोचा अर्धा प्रबंध तिच्या घशात होता.

पहिल्या भेटीला तिने साफ नाही म्हटलं. "लगीन नाय, मांडव नाय, मंग धवला कुनाचा?"

तिचं बरोबर होतं. धवला हे काही गाणं म्हणून गायचं गाणं नाही. त्याने लग्न लागतं. लग्न नसताना गायला, तर मग लागलं कोणाचं? बायको चार वेळा गेली. दोन वेळा नुसती तिच्यासोबत वाल सोलत बसली. चौथ्या वेळी आजीनेच तोड काढली. दोन सुपाऱ्या आणायच्या, एक नवरा, एक नवरी. पाटावर तांदूळ पसरून त्यांना बसवायचं. त्यांचं लग्न लावू. सुपारी देवाला चालते तर लग्नाला का नाही चालणार. मात्र एक अट. धवला एकदा उचलला की मध्ये थांबत नाही. थांबला तर लग्न मोडलं. फोन वाजला, पाहुणे आले, काही झालं तरी नाही.

बायकोच्या मार्गदर्शक बाईंनी आपला चांगला माइक दिला. आधी दुसरीकडे फोनवर केलेल्या ध्वनिमुद्रणात पंखाच गात होता, म्हणून. तो माइक लॅपटॉपलाच लागायचा. आजीने बुधवार दिला, दुपारी जेवणं झाल्यावर.

मंगळवारी रात्री बायकोने माइक लावून पाहिला, थोडं बोलून पाहिलं, आणि लॅपटॉप स्टुलावर नेऊ लागली. मी आकडा बघितला. बासष्ट.

"कशाला लावतेस? बासष्ट म्हणजे उत्तम प्रकृती."

"अहो, तीन तासांचं काम आहे उद्या."

"बासष्टमधून वीस गेले बेचाळीस. बेचाळीसमध्ये आरामात होईल," मी म्हणालो. या हिशेबाला काय आधार होता ते मला आजही सांगता येणार नाही.

बुधवारी सकाळी तिने पिशवीत चार्जर टाकला. मी तो काढला. तापवून काम करायचं नाही हे फ्रिजवर लिहिलेलं होतं, आणि परक्याच्या घरी आपण त्यांची वीज का वापरावी, असाही एक मुद्दा मी मांडला. निघताना तिने दारात विचारलं, "चार्जर घेतलात ना?" मी म्हटलं, गरज नाही. तिने माझ्याकडे बघितलं. पण तिला उशीर होत होता, सुपाऱ्या हातात होत्या, आणि लग्नाला निघताना घरात वाद नको म्हणून ती गप्प बसली असावी.

स्कूटरवर लॅपटॉप तिच्या मांडीवर, माइक माझ्या गळ्यात. शीळफाट्याच्या वळणावर ट्रक मागे-पुढे असताना मी तिला मागे ओरडून सांगितलं की, लॅपटॉपवर ऊन येऊ देऊ नकोस, तापेल. तिने पदर घातला त्याच्यावर. स्वतःच्या डोक्यावर नाही.

आजी तयार होती. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, पाटावर तांदूळ. तिने मला खालून वर बघितलं.

"यो कोन?"

"आमचे हे," बायको म्हणाली. "मशीन बघतात."

"बरा," आजी म्हणाली आणि मला भिंतीला लागून बसायला सांगितलं. पाहुणेमंडळींत. लॅपटॉप एका खुर्चीवर ठेवला, माइक आजीच्या गुडघ्यापाशी. सुपाऱ्यांना हळद लागली. बायकोने वही उघडून घड्याळात बघून वेळ लिहिली आणि आजीने सुरुवात केली.

आवाज बारीक होता, चिरका, पण मोडत नव्हता. मला शब्द थोडेच कळत होते. पण काय चाललंय ते कळत होतं. मांडवाचा खांब आला. तांदूळ कांडून झाले. हळद दळून झाली. मध्ये एकदा रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला आणि आजीने त्याच्या वर आवाज काढला. आतून सून बाहेर आली, ती चहा विचारायला आलेली, दारातच थांबली आणि तिथेच बसून राहिली. मग देवांना लग्नाचं आवतण द्यायला सुरुवात झाली. एकेका देवाला त्याच्या गावाहून बोलवायचं, वाट सांगायची, वाहन सांगायचं. हे बराच वेळ चालतं. घाईत एखादा देव राहून जाऊ नये म्हणून ती प्रत्येकासाठी थांबून श्वास घेत होती.

लॅपटॉपचा पडदा मधूनमधून काळा व्हायचा. बायकोने पहिल्यांदा दचकून बघितलं, तेव्हा मी भिंतीपासूनच हाताने खूण केली, की ते तसंच असतं, मीच लावलंय, बॅटरी वाचते. दोनतीनदा तिने बोट लावून खात्री केली. मग मी मानेने नको म्हटलं. बोट लावलं की पडदा उजळतो, पडदा उजळला की बॅटरी जाते. तिने ऐकलं. त्यानंतर तिने पूर्ण लक्ष आजीकडे आणि वहीकडे दिलं, आणि काळा पडदा काळा राहिला. मी तो बघत होतो. किती शिस्तीत चाललाय, असं मला वाटलेलं आठवतं.

सगळे देव आले. नवरा सजला. लग्न लागलं. शेवटी पाठवणी होती. तेव्हा सून दारात बसून डोळे पुसत होती आणि बायकोने पेन खाली ठेवलं होतं. मला शब्द कळत नसतानाही मी चष्मा काढून पुसला. आजी थांबली. तिने दोन्ही सुपाऱ्यांवर तांदूळ टाकले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आवाज जवळजवळ गेलाच होता.

बायकोने लॅपटॉपला बोट लावलं. पडदा काळाच. दुसऱ्यांदा लावलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मी उठलो.

मी बटण दाबून तो चालू केला. एक मिनिटभर उजेड झाला. तेवढ्यात दोन आकडे दिसले. ध्वनिमुद्रण एक तास बेचाळीस मिनिटं, आणि बॅटरी वीस टक्के. मग तो परत शिस्तीत बंद झाला.

बायकोने वहीत बघितलं. सुरू केल्याची वेळ, त्यात एक तास बेचाळीस मिनिटं. बोट एका ओळीवर थांबलं. तिथून पुढे वहीची सात पानं होती.

"आधीचं सगळं आहे," मी म्हणालो. "तेवढं जपून ठेवलंय त्याने."

तिने वही मिटली. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती आजीच्या समोर जाऊन बसली आणि तिने खरं ते सांगितलं. म्हणाली, आजी, अर्धंच आलंय. मशीन मध्ये बंद पडलं आणि आम्हाला कळलं नाही. चूक आमची आहे. ती 'आमची' म्हणाली, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

आजीला घोगऱ्या आवाजात बोलावं लागत होतं. "कवरा आलाय त्यान?"

"गावदेवीच्या आवतणापर्यंत."

"नि एकवीरा आय?"

बायकोने मिटलेल्या वहीकडे बघितलं.

"ती रायली?"

"राहिली."

सुनेने तोंडाला पदर लावला. एकवीरा आई त्यांची कुलदेवता. लग्नाला तिला न बोलावणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. आजी माझ्याकडे वळली. मला वाटलं तांत्रिक बाजू समजावली तर राग कमी होईल. म्हणून मी सांगितलं, की आजी, बॅटरी संपली नव्हती. तिच्यात वीस टक्के शिल्लक आहे. पण वीसच्या खाली गेलं तर तिला त्रास होतो, आयुष्य कमी होतं, म्हणून तसं लावून ठेवलंय, की वीसला आपोआप बंद.

आजीने ते नीट समजून घेतलं. "म्हंजे व्हती."

"होती ना."

"मंग ठेवली कनाला?"

"पुढे उपयोगी पडावी म्हणून."

"पुरं कवा?" आजी म्हणाली.

हा प्रश्न तिने रागाने विचारला नव्हता. पुढे म्हणजे कधी, याचं तिला खरंच उत्तर हवं होतं. मी लॅपटॉपकडे बघितलं. नवी कोरी बॅटरी, एकदाही वीसच्या खाली नाही, एकदाही ऐंशीच्या वर नाही. दुरुस्तीवाल्याने बघितली असती तर मला शाबासकी दिली असती.

बायकोने विचारलं, आजी, राहिलंय तेवढंच पुन्हा म्हणाल का? एकवीरा आईपासून पुढे? आजीने मान हलवली. लग्न मधून सुरू होत नाही. आणि हे लग्न तर लागून गेलं. तिने पाटावरच्या सुपाऱ्यांकडे हात केला. लागलेल्या लग्नाला परत मांडव घालतात का. बायको म्हणाली, मग पहिल्यापासून. आजीने घसा दाबून बघितला. मागच्या चार वर्षांत तिने सगळं लग्न एकटीने एका बैठकीत गायलेलं ते पहिलंच होतं, हे सुनेने आम्हाला तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आम्ही, असं काहीतरी मी म्हणायला लागलो आणि बायकोने माझ्याकडे न बघता हात वर केला. मी थांबलो.

चहा आला. आजीने बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा चहा प्यायला. मी माइकची वायर गुंडाळत बसलो, कारण तेवढंच काम मला नीट येत होतं. बायको वही पिशवीत घालून उठली, आजीच्या पाया पडली, आणि आता ती 'येते' म्हणणार, तोच आजीने तिचा हात धरून तिला परत खाली बसवलं.

"पुरचे बुधवारी ये," ती म्हणाली. "दोन नव्या सुपाऱ्या आन."

बायकोने दोन्ही हातांनी तिचा हात धरला. मग मीच पुढे झालो. म्हटलं, आजी, या वेळी मी जातीने शंभर टक्के करून आणतो, चार्जर आणतो, पडदा पण चालू ठेवतो, तुम्ही बिलकूल काळजी करू नका.

आजीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती बायकोलाच म्हणाली, "वायर आन, बाय. याला घरान ठेव."